कॉम्प्युटरची घरघर

या घरात खुर्च्यांच्या पायांत मोजे होते. दारावरच्या घंटीला फडक्याचं टोपडं होतं, भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून ठेवलेला होता आणि सून वाचायला बसली की फ्रिज बंद व्हायचा. तो पुन्हा सुरू करायचा राहून दूध नासायचं, पण त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे. सुनेचं कामच आवाजाचं. लोकांना ऐकता यावीत म्हणून ती घरी बसून पुस्तकं वाचायची आणि कॉम्प्युटरवर ध्वनिमुद्रित करून द्यायची. आजवर वाट्याला आली ती वॉशिंग मशीनची माहितीपत्रकं आणि हिशेबतपासणीचे कोरडे ठणठणीत धडे. आता कुठे एक चांगली जाडजूड कादंबरी हाती लागली होती.

आणि तिचं पहिलंच प्रकरण परत आलं.

"आवाज छान आहे हो तुमचा," प्रकाशन संस्थेतल्या तपासनीस बाई फोनवर म्हणाल्या. "पण तुमच्या मागे कुणी गिरणी चालवतं का? उद्या संध्याकाळपर्यंत स्वच्छ प्रत पाठवा. नाहीतर पुस्तक दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल. मलाही वर उत्तर द्यायचं असतं."

गिरणी म्हणजे टेबलाखालचा जुना कॉम्प्युटर. त्याची डिस्क करकरायची, पंखा घरघरायचा आणि गेल्या काही आठवड्यांपासून तो तापून मध्येच डोळे मिटायचा. नवा घ्यावा तर माइकचं कार्ड नव्या मशीनमध्ये बसत नव्हतं, आणि त्या कार्डाइतका स्वच्छ आवाज दुसऱ्या कशातून येत नव्हता. म्हणून तिने भावाला बोलावलं. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं त्याचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा पिशवीभर सामान घेऊन आला आणि जमिनीवर बसकण मारून त्याने मशीनचं झाकण उघडलं.

"हे तू अजून वापरतेस?"

"तूच दिलंस ना?"

"दिलं तेव्हा तरुण होतं ते. मीही होतो."

"तू कधी होतास?"

सासरे स्टुलावर बसून बघत होते. उभी हयात सोफे बनवण्यात गेलेली; कुणी हत्यार हातात घेतलं की त्यांना जागेवरून उठवत नसे. "काही धरायचं असेल तर सांग रे," ते म्हणाले.

"तुम्ही फक्त धीर धरा, काका."

दादाने आधी करकरणाऱ्या डिस्कवरचं सगळं बोटभर लांबीच्या नव्या डिस्कवर उतरवून घेतलं. जुन्या मदरबोर्डवर हिला बसायला जागाच नव्हती. म्हणून त्याने ती एका अडॅप्टर कार्डावर बसवली आणि ते कार्ड रिकाम्या खाचेत खोचलं. तरी मशीन त्या डिस्कवरून सुरू होईना. "नव्या पाहुण्याला ओळखत नाहीये म्हातारं," असं म्हणत त्याने मागे एक छोटा पेन ड्राइव्ह लावला. आता मशीन सुरू व्हायचं पेन ड्राइव्हवरून आणि पुढचा कारभार नव्या डिस्ककडे.

मग पंखा. जुना वाटीएवढा होता. त्याच्याखालची, उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खपली झालेली. दादाने ती पुसली, नवीन लावली आणि वर पत्र्यांचा उंच मनोरा बसवून त्याला बशीएवढा पंखा जोडला.

"एवढा मोठा? जास्त ओरडेल ना?" तिने विचारलं.

"छोट्याला जीव तोडून पळावं लागतं. मोठा रमतगमत फिरतो, वारा तेवढाच देतो."

झाकण लावलं. मशीन सुरू झालं, पण दिवा लागला म्हणून कळलं, इतकं ते गप्प. सुनेने माइक पुढे ओढला आणि वाचायला सुरुवात केली. पहिलं पान सुरळीत गेलं. दुसऱ्या पानावर नायिका दार ढकलत होती, तेवढ्यात पडदा काळा झाला.

दादाने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. मनोरा हलवून पाहिला, पेस्ट पुन्हा लावली. झाकण उघडं ठेवलं की मशीन गार राहायचं; लावलं की तापमान भराभर चढायचं. उघडं ठेवून वाचावं, तर पंख्याची सळसळ माइकमध्ये यायची. सून घड्याळाकडे बघायला गेली आणि ते बंद असल्याचं आठवून खिडकीकडे वळली. दुपार कलायला लागली होती.

"आत वाराच येत नाहीये," दादा पुटपुटला.

"वारा मागूनच असतो ना?" सासऱ्यांनी विचारलं.

"मागून जातो, काका. येतो पुढच्या जाळीतून."

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पुढून येत असेल," ते म्हणाले, "तर यायचा नाही."

दादाने पुढची चौकट ओढून काढली. जाळीमागे सोफ्याचा फोम होता. दुपदरी, कडेकडेला नीट कापलेला, वर रेक्झिन चिकटवलेलं. मुंगीलाही वाट नव्हती.

"हिला कादंबरी मिळाली तेव्हा घातला," सासरे म्हणाले. "वाटलं, घरघर तिथून बाहेर पडते. म्हटलं, आपल्या हातातली कला आहे, सांगायचं कशाला. चांगलं झालं की हिलाच कळेल."

"काका, काम एक नंबर आहे," दोन्ही हातांनी फोम उपटत दादा म्हणाला. "फक्त या मशीनवर बसायचं नाही, ते चालवायचं आहे."

सुनेला राग यायला हवा होता. पण मशीन बिघडलं नव्हतं, फक्त गुदमरलं होतं, एवढंच तिच्या डोक्यात शिरलं आणि ती तिथेच खाली बसली. "बाबा," ती म्हणाली, "आणखी कुठे कुठे भरलाय फोम?"

"कुठेच नाही ग. शपथ."

फोमाशिवाय, झाकण लावूनही मशीन गार राहिलं आणि गप्पही. नायिकेने दार ढकललं, आत गेली आणि प्रकरणाच्या शेवटापर्यंत पडदा एकदाही मिटला नाही. उन्हं उतरायच्या आत सुनेने प्रत पाठवून दिली. मग फोन हातात घेऊन ती बसून राहिली. दादा स्क्रू गोळा करत होता; त्याचंही लक्ष फोनकडेच होतं.

फोन आला. "गिरणी हलवलीत वाटतं," तपासनीस बाई म्हणाल्या. "प्रकरण पास. आता असंच सगळं पुस्तक करा, पुढचं परवापर्यंत द्या."

"देते," ती म्हणाली.

दादा गेल्यावर तिने लगेच दुसरं प्रकरण उघडलं आणि चाचणीपुरतं थोडं ध्वनिमुद्रण केलं. हेडफोनमध्ये एक खर्जातला, संथ आवाज आला. तिने वाकून मशीनला कान लावला. ते गप्प होतं. मग मागे वळून पाहिलं. सासरे खुर्चीत मान टाकून झोपले होते आणि मनसोक्त घोरत होते. काल फोन आल्यापासून त्यांचा डोळा लागला नव्हता.

तिने ध्वनिमुद्रण थांबवलं, पाय वर घेतले आणि दुसरं प्रकरण मनातल्या मनात वाचायला घेतलं.