सतरा नंबरचा नाद

फळीमागे चेंडू होता आणि सतरा नंबरचा कुत्रा ती फळी नखांनी ओरबाडत होता. चौदा मिनिटं झाली होती. मास्तर घड्याळ बघत खुशीत होते. मग ठरल्याप्रमाणे मावशी जेवणाचं भांडं घेऊन बाजूने गेली, आणि सतरा नंबर चेंडूबिंडू सगळं सोडून तिच्याकडे धावला. भांड्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. तिचा हात चाटत बसला.

"झालं! मुसळ केरात," मास्तर म्हणाले.

मास्तर वासावरून माग काढणारे कुत्रे तयार करत. त्यांचं म्हणणं एकच: कुत्रा निवडताना जात बघू नका, उंची बघू नका, नाद बघा. चेंडूपुढे जेवण विसरतो तोच कामाचा. म्हणून पिंजऱ्यात खेळणं नको, अंथरूण नको, लाड तर नकोच. चेंडूपेक्षा गोड काही जगात आहे, हे कुत्र्याला कळताच कामा नये.

मावशी बारा वर्षं ते पिंजरे धूत होती. नियम तिला पाठ होते. पण हे पिल्लू आजारी पडलं तेव्हा तिने आठवडाभर त्याला मांडीवर घेऊन दूध पाजलं. लपालपा पितो म्हणून त्याला बोक्या म्हणू लागली. कुत्र्याला बोक्या! पण तो त्या नावाला ओ द्यायचा.

"दहा दिवसांनी पुन्हा बघतो," मास्तर म्हणाले. "तेव्हाही असंच केलं तर कायमची झोपेची सुई."

"मी नेते की घरी."

"एका खोलीत हा? दोन दिवसांत दार खाईल. शिवाय इथला कुत्रा बाहेर द्यायचा नाही, माहितीये तुम्हाला."

"मग मी काय करू?"

"लळा तुम्ही लावलात मावशी. तुम्हीच तोडा."

दुसऱ्या दिवशी तिने पाण्याचा पाइप त्याच्यावर धरला. त्याला तो खेळ वाटला. धार तोंडात पकडायला तो उड्या मारू लागला. तिने धार डोळ्यांवर मारली, तेव्हा कोपऱ्यात गेला. पाणी थांबल्यावर शेपटी हलवत परत आला.

सहाव्या दिवसापर्यंत तो परतच येत होता. आता पोटावर सरपटत, कान पाडून, पण येत होता. मावशीला त्याचा भयंकर राग आला. इतकं सोसून कुणी माया करतं का?

"मेल्या, शीक की रे! मरशील!" ती ओरडली आणि तिने त्याच्या बरगडीत लाथ घातली. तो केकाटला. तिने आणखी एक घातली. लगेच मास्तरांनी चेंडू टाकला, आणि तो लंगडत चेंडूकडे गेला.

त्या दिवशी तिने जेवणाचा डबा तसाच घरी परत नेला. सातव्या दिवशी तिने पुन्हा लाथ मारली.

दहाव्या दिवशी ती भांडं घेऊन फळीजवळून गेली. तिच्या चपलांचा आवाज येताच सतरा नंबर फळीला चिकटला आणि वेड्यासारखा ओरबाडू लागला. एक नख तुटलं, फळीवर रक्त आलं, तरी त्याने मान वळवली नाही. मावशी वीस मिनिटं येरझाऱ्या घालत राहिली.

"शाब्बास! याला म्हणतात नाद," मास्तर म्हणाले.

तो नाद नव्हता, भीती होती. ते तिला दिसत होतं. ती भांडं घेऊन पिंजऱ्यांकडे वळली.

दुपारी गाडी आली. पुढे त्याच्याकडून माग काढून घेणारा नवा माणूस त्याला घेऊन निघाला. कुत्र्याच्या तोंडात चेंडू होता. न राहवून मावशीने हळूच हाक मारली, "बोक्या." तो जागीच मुतला आणि त्या अनोळखी माणसाच्या पायामागे लपला.

गाडी गेल्यावर तिने ती जागा धुऊन काढली. तेवढ्यात मास्तर काखेत एक पिल्लू घेऊन आले.

"मावशी, हा अठरा नंबर. जरा लाडावलेला दिसतो. तुमचं औषध यालाही द्या."

पिल्लाने मान लांब करून तिची ओली बोटं चाटली. मावशीने हात मागे घेतला, एप्रनला पुसला, आणि पाइपचा नळ पुन्हा सोडला.