कोपऱ्यातल्या मरळी

मी एक जुनी काचेची टाकी आहे. मित्रांनो, आज जिन्याखाली माझ्या पोटात फुटक्या परीक्षानळ्या पडल्या आहेत. पण सत्तरच्या सुमारास मी नागपुरातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत खिडकीपाशी उभी होते, आणि कन्हान नदीतून आणलेले मासे, मरळी, माझ्यात राहत.

यमुताई त्यांच्यावर प्रबंध लिहीत होत्या. मासा भ्याला की त्याच्या अंगात एक रस सुटतो. संप्रेरक म्हणतात त्याला. तो रस यकृताला जणू सांगतो, कणगी उघड. मग साठवलेली साखर रक्तात उतरते आणि माशाला पळायला बळ येते. भीती गेली की कणगी पुन्हा भरते. पण भीती मुक्कामालाच आली, तर कणगी रिकामी होते आणि मासा स्वतःचेच मांस जाळू लागतो. यमुताई काही मरळींना त्या रसाची सुई देत, काहींना नुसत्या मिठाच्या पाण्याची; मग दोन्हींचे यकृत तपासत. मुदत तीन वर्षांची होती.

आमचे शिपाई नानाजी कीर्तनकार. एकादशीला कन्हान गावच्या मंदिरात कीर्तनाला उभे राहत, आणि तालीम रोज दुपारी माझ्याशेजारी. हातवारे करायला एक हात मोकळा हवा, म्हणून एक झांज माझ्या लाकडी झाकणावर उपडी ठेवून दुसरीने ताल धरत. गळा गोड, भाव खरा. मीही तल्लीन होई.

"बाई, पाहा ना," ते म्हणत, "कशा कोपऱ्यात बसून ऐकून राहिल्या. जराशाही हालत नाहीत."

"झोपल्या तर नाहीत ना? मागच्या रांगेतल्या दिसतात."

"झोपल्या तरी नाव तं कानावर पडूनच राहिलं."

यमुताई हसत. पण त्यांचे आकडे काही जुळेनात. ज्यांना नुसते मिठाचे पाणी दिले, त्या मरळींचे यकृतही रिकामेच निघे. त्या पुन्हा सुई देत, पुन्हा तपासत. पुष्कळ मरळी गेल्या.

मुदतीला महिना उरला असताना नानाजी सप्ताहासाठी आठ दिवस कन्हानला गेले. चौथ्या दिवशी मरळींनी कोपरा सोडला. आठव्या दिवशी मिठाच्या पाण्याची सुई दिलेल्या मरळींचे यकृत तपासले, ते भरलेले निघाले. यमुताई स्टुलावर बसून माझ्या झाकणावर झांजेने उमटलेल्या वर्तुळाकडे पाहत राहिल्या.

नानाजी प्रसाद घेऊन आले. यमुताईंनी त्यांना झांजेबद्दल हळूच सांगितले.

"म्हणजे त्या ऐकून नव्हत्या राहिल्या," नानाजी म्हणाले. "भेऊन राहिल्या होत्या."

"हो."

"अन् तुमचं तीन वर्षांचं काम?"

"ते गेलं, नानाजी."

"मले आधी काहून नाही सांगितलं, बाई?"

"मला तरी कुठं कळलं? मलाही ऐकायला आवडायचं." त्यांनी हात पुढे केला. "द्या, प्रसाद द्या."

मित्रांनो, झांजेचा तो थरथराट माझ्याच काचेतून पाण्यात उतरत होता. मला वाटले होते, ही भक्तीच आहे.

मुदत वाढली नाही. यमुताई एका शाळेत शिकवायला गेल्या. नानाजींनी झांज फडक्यात गुंडाळली. पुढे रोज ते मुकाट्याने मरळींना खाद्य टाकत.

जीव लावताना समोरच्याकडे नीट पाहत जा, मित्रांनो. गप्प बसलेला जीव सुखातच असतो असे नाही.

निवृत्तीच्या दिवशी नानाजींनी झाकण काढून पाण्यावर हात धरला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. एक मरळ कोपऱ्यातून निघाली, आणि त्या हाताच्या सावलीत येऊन थांबली.