पितळी पट्टीखालचा शिक्का

मित्रांनो, बंदूक म्हटलं की तुम्हाला लोखंडी नळी आठवते. मी मात्र लाकूड आहे. एका जुन्या फौजी रायफलीचा दस्ता, म्हणजे शिपायाच्या खांद्याला टेकतो तो भाग. दूर परदेशात अक्रोडाच्या लाकडातून मला घडवलं. कितीतरी शिपायांचा घाम माझ्यात मुरला. पुढे रायफल निकामी झाली, तिचं लोखंड वितळवलं गेलं आणि मी भंगाराच्या लिलावात निघालो. मोरा गावच्या मालूबाईंच्या सासऱ्यांनी मला घरी आणलं. तिथे मी वर्षानुवर्षं दाराला टेकण म्हणून पडून राहिलो. माझ्याकडे कुणी वळूनही पाहत नसे.

घर नव्याने बांधायला काढलं तेव्हा मालूबाईंनी मला यूनुसभाईंना देऊन टाकलं. पनवेलला त्यांचं जुन्या लाकडी सामानाचं दुकान आहे. माझ्यावरची काजळी पाहून ते हळहळले आणि सँडपेपर घेऊन बसले. मी गुळगुळीत झालो, अंगावर पॉलिश चढलं. मी हरखून गेलो होतो. माझ्या कुशीवरचे शिक्के आणि नंबर भुशाबरोबर उडून गेले, हे ध्यानातच आलं नाही.

त्याच सुमारास एका प्रशिक्षण केंद्रातून जुन्या रायफली चोरीला गेल्या. शोध घेत फौजदार गुरुदत्त दुकानात शिरले आणि त्यांची नजर माझ्यावर खिळली.

"बाकीची बंदूक कुठंय?"

"एवढाच तुकडा मिळाला, साहेब. खुदा की कसम."

फौजदारांनी मला उजेडात फिरवलं. "मग नंबर का घासलास?"

यूनुसभाईंना त्यांनी माझ्यासकट ठाण्यात नेलं.

तिथे मी टेबलावर आणि यूनुसभाई समोरच्या बाकावर. त्यांची बायको शबनम धावतपळत मोऱ्याहून मालूबाईंना घेऊन आली.

"मीच दिला यूनुसला," मालूबाई म्हणाल्या. "आमच्या दाराला लावलेला."

"हाच का? नीट बघून सांगा."

त्यांनी मला हातात घेतलं, उलटंसुलटं केलं. माझा जीव टांगणीला लागला. ओळखा ना मला, मालूबाई! पण त्यांचे हात थांबले.

"खोटं कशाला बोलू, साहेब? आमचा काळा होता. ह्यो तर चकाकतोय. मला नाय ओळखता येत."

शबनमने भिंतीला हात टेकला. यूनुसभाई मान खाली घालून बसले.

मग जुन्या शस्त्रांच्या जाणकार मिताली मॅडमना बोलावण्यात आलं. त्यांनी भिंग लावून माझी रेषान्‌रेषा तपासली.

"चोरीच्या सगळ्या रायफली आपल्याच देशात घडलेल्या आहेत," त्या म्हणाल्या. "हे लाकूड परदेशी अक्रोडासारखं वाटतं. पण नुसत्या वाटण्यावर कुणाला सोडता येणार नाही." मग त्यांनी माझ्या टोकाची पितळी पट्टी चाचपली. "यूनुसभाई, ही काढली होती का?"

"नाही मॅडम. स्क्रू गंजलेत. लाकूड फुटेल म्हणून हात लावला नाही."

"म्हणजे आत सँडपेपर पोचलेला नाही!"

त्यांनी स्क्रूवर तेल सोडलं. पहिला स्क्रू निघाला. दुसऱ्याला पीळ बसताच मी करकरलो. मी चिरलो असतो तर पट्टीखालचा शिक्काही दुभंगला असता. शेवटी पट्टी सुटली. खाली कोऱ्या लाकडावर एक छोटा मुकुट होता, त्याखाली अक्षरं आणि साल.

मिताली मॅडमनी तो पुन्हा पुन्हा पाहिला. "परदेशी कारखान्याचा शिक्का आहे. हा दस्ता चोरीच्या रायफलींपैकी एकीचाही नाही."

फौजदारांनी मला यूनुसभाईंच्या हातात दिलं. मग म्हणाले, "यूनुसभाई, घरी जा."

यूनुसभाई उठले आणि शबनमचा हात धरून लहान मुलासारखे रडले.

आता दुकानात कुणी जुनी वस्तू आणून "अगदी नवी करून द्या" म्हणालं, तर ते आधी ती खिडकीपाशी नेतात. "पहले देखेंगे," म्हणतात, "मग पुसू."

मित्रांनो, जुन्या वस्तूंची धूळ झटका, त्यांना मऊ फडक्याने पुसा. पण त्यांच्या अंगावरच्या खुणा खरवडू नका. आम्हाला बोलता येत नाही. आमची साक्ष तेवढीच असते.