मोटारीचा घट

ज्या गावात पावसाळ्याचे चार महिने बैलगाडीसुद्धा येत नाही, त्या गावात शर्यतीची मोटार कोणत्या सालची घ्यावी यावर दोन महिने खल चालला होता. हे कोणाला सांगितलं तर तो म्हणेल, कडूबा थापा मारतो. थापा मारायला मला फुरसत नाही. माझी दोन एकर वांगी, मिरची आणि मेथी आहे आणि ती रोज सडकेपर्यंत न्यावी लागते.

आमचं गाव वडनेर भोलजीपासून दोन मैल आत. सडकेवर एसटी थांबते, भाजी टपावर चढते आणि नांदुऱ्याच्या बाजाराला जाते. पण सडकेपासून गावापर्यंत जी वाट आहे ती नुसती पांदण. दोन्ही अंगांनी शेतं आणि मध्ये काळ्या मातीचा चिखल. पूर्वी म्हणे तिच्यातून दोन गाड्या शेजारी शेजारी जात. मग उकंडराव पाटलाचा वखर दरवर्षी वीतभर पुढे सरकत गेला, आणि आता एक गाडी गेली तरी तिचा आस धुऱ्याच्या बांधाला घासतो.

मागच्या श्रावणात माझी बायको शालूबाई वांग्याचं टोपलं डोक्यावर घेऊन निघाली आणि पांदणीत पडली. पाय मोडला. हाड बसवणाऱ्याने ते वाकडंच बसवलं. तेव्हापासून ती लंगडते, आणि लंगडत लंगडत टोपलं नेते. मला दुसरं काही नको होतं. पुढचा पावसाळा लागायच्या आत तिच्या पायाखाली रस्ता पाहिजे होता.

आणि तो होणार होता. महाराष्ट्र होऊन चार वर्षं झाली होती, जिल्हा परिषद नवी नवी आली होती, तालुक्याचा ओव्हरसियर भगवंतराव सायकल खांद्यावर घेऊन पांदणीतून आमच्या गावात आला होता. भला माणूस. म्हणाला, मुरूम मंजूर आहे, मजूर मंजूर आहेत, फक्त पाटलाने कडेची आठ हात पट्टी लिहून द्यावी. एकतीस मार्चच्या आत सही झाली तर काम तुमचं, नाही तर दुसऱ्या गावाचं.

इथेच घोडं पेंड खात होतं. पाटलाची जमीन एकशेवीस एकर. त्यातली आठ हात पट्टी म्हणजे म्हशीच्या अंगावरचा एक केस. पण पाटील तीनदा नाही म्हणाला. तिसऱ्या वेळी तर म्हणाला, "माह्या बापानं रस्त्याबिगर जन्म काढला, तुमचे काऊन पाय दुखते बे?" त्याचा बाप पालखीसारख्या बैलांच्या दमणीतून फिरायचा, हे तो विसरला होता. मी विसरलो नव्हतो.

मग संक्रांतीला पाटलाचा साळा अर्जुनराव खामगावाहून काळ्या मोटारीत बसून आला. चार दरवाज्यांची, घरंदाज मोटार. ती सडकेवरच उभी राहिली आणि अर्जुनराव धोतर वर खोचून चालत आला, तरी पाटलाच्या पोटात दुखायला लागलं ते लागलंच. आठ दिवसांत तो अकोल्याच्या एजंटाकडून दोन चोपडी घेऊन आला. रंगीत चित्रांची. लाल मोटार, दोनच दरवाजे, टप मागे सारला की आभाळ उघडं. शर्यतीत पळणाऱ्या मोटारीची जात, असं एजंटाने सांगितलं होतं. आणि एजंटाने आणखीही एक सांगितलं होतं, तेच सगळ्याचं मूळ. चालू सालची मोटार पंधरा दिवसांत मिळेल. येणाऱ्या सालची दिवाळीनंतर.

झालं. पाटलाच्या ओट्यावर रोज सकाळी ती दोन चोपडी उघडी पडायची आणि गावातली रिकामी माणसं त्यांच्याभोवती बसायची. ज्यांनी आयुष्यात मोटारीचा फक्त धुरळा खाल्ला होता, ती माणसं इंजिनावर बोलायची. नव्या गाडीला पाच घोडे जास्त. नव्या गाडीची बत्ती बदामी, जुनीची गोल. नव्या गाडीत विडीची राख झटकायला वाटी. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ते हे.

एकदा पाटलाने मलाच विचारलं, "कडूबा, तू सांग बे. गोल बत्ती का बदामी?"

"पाटील," मी म्हणालो, "पांदणीत गोल बत्तीनं चिखलच दिसते, अन् बदामीनंही चिखलच."

सगळे हसले. पाटील हसला नाही. पण ते त्याच्या डोक्यात शिरलं. दोन दिवसांनी तो स्वतःच म्हणाला, "मोटार आली तं रस्ता पाहिजेच. मोटार जवा येईन, त्या हिशोबानं भगवंतरावाच्या कागदावर सही. चालू सालची ठरली तं लगेच करतो. दिवाळीनंतरची ठरली तं दिवाळीनंतर. उगाच आधीपासून जमीन काऊन सोडू?"

मी त्या दिवशी घरी जवळजवळ पळत गेलो. रस्त्याचं भाग्य गोल बत्तीवर येऊन ठेपलं होतं. तोपर्यंत मी मोटारीला हसत होतो. त्या दिवसापासून मी रोज ओट्यावर जाऊन बसायला लागलो आणि मोठ्या इमानदारीने गोल बत्तीची बाजू घ्यायला लागलो. बदामी बत्ती बायकी दिसते म्हणालो. राखेच्या वाटीने मोटारीला आग लागते म्हणालो. नवीन मालात खोडी असतात, दोन सालं चाललेली वस्तू घ्यावी, असं मी एखाद्या दलालासारखं बोललो. पाटील ऐकायचा, मान हलवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा.

मार्चचे शेवटचे चार दिवस उरले तेव्हा पाटलाने अक्कल चालवली. आमच्या जिल्ह्यात भेंडवळला आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या दिवशी घट मांडतात, हे साऱ्या वऱ्हाडाला ठाऊक आहे. शेतात धान्याचं रिंगण करतात, मध्ये घागर, तिच्यावर पापड, पुरी, करंजी असं ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कोणती वस्तू हलली, कोणती हरवली यावरून साल सांगतात. पाऊस, पीक, राजा. मोटार त्यात कोणी विचारत नाही. पण पाटील म्हणाला, "आखाजीले महिना आहे. तवरिक कोण थांबते? मीच मांडतो घट."

फाल्गुनात घट! आणि मोटारीसाठी! पण कोणी त्याला अडवलं नाही. मीही नाही. उलट मनात म्हणालो, बरं झालं, एकदाचं काही तरी ठरेल.

त्याने आपल्या मळ्यात विहिरीजवळ रिंगण केलं. त्याची बायको पुष्पाबाई, बिचारी शहाणी बाई, तिने मुकाट्याने दोन करंज्या तळून दिल्या. एक साधी, ती चालू सालची. दुसरीला हळदीचं बोट लावलेलं, ती येणाऱ्या सालची. घागरीवर दोन विड्याची पानं आणि त्यांच्यावर करंज्या. संध्याकाळी पाटलाने सगळ्यांना हाकललं आणि सांगितलं, तांबडं फुटल्यावर या, भगवंतरावालाही बोलवा, जे निघेल ते पाच जणांसमोर.

मी विचार केला. देव मोटारीच्या भानगडीत पडणार नाही, एवढी देवाला अब्रू आहे. दोन्ही करंज्या सकाळी जागच्या जागी राहणार आणि पाटील पुन्हा ओट्यावर चोपडी उघडून बसणार. तेव्हा जे करायचं ते माणसालाच करावं लागेल. घटाची भाषा आमच्याकडे शेंबड्या पोरालाही येते. पुरी हरवली तर पृथ्वीवर संकट. जे धान्य रिंगणातून गेलं ते पीक बुडालं. जे गेलं ते बुडालं. म्हणजे हळदीची करंजी गेली पाहिजे.

सगळ्यांच्या आधी मी मळ्यात पोचलो, हळदीची करंजी उचलली आणि खाल्ली. आत खोबरं होतं आणि वेलदोडाही होता. पाटलाच्या घरचं होतं, चांगलंच असणार. मी हात विहिरीवर धुतले आणि गावाकडून आल्यासारखा पुन्हा वाटेने आलो.

पाच-पंचवीस माणसं जमली. भगवंतराव कागद घेऊन उभा होता. पाटील रिंगणाजवळ गेला, वाकला आणि घागरीवर एकच करंजी पाहिली. मी आतल्या आत रस्त्यावर मुरूमही पसरून टाकला.

मग पाटलाने दोन्ही हात जोडले. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "नवी!" तो म्हणाला. "देवानं नवीचा नैवेद्य घेतला! जुनीले तोंडसुदिक नाही लावलं!"

लोकांनी हर बोलाचा गजर केला. एका म्हाताऱ्याने म्हटलं, पाटील, घटात जे जाते ते बुडते. पाटील त्याच्यावर खेकसला, "ते पिकाचं बे! करंजी का पीक आहे? करंजी म्हणजे परसाद!"

भगवंतरावाने माझ्याकडे पाहिलं. मी बोलू शकत होतो. एक वाक्य पुरं होतं, पाटील, ती देवानं नाही, म्या खाल्ली. पण पाटलाचा घट उष्टा केला म्हटल्यावर गावाने मला विहिरीवर पाणी भरू दिलं असतं का? निदान मी स्वतःला तसं सांगितलं. खरं म्हणजे मी भ्यालो. तोंडात वेलदोड्याचा वास होता आणि मी तोंड दाबून उभा राहिलो. भगवंतरावाने कागद पिशवीत ठेवले आणि सायकल घेऊन निघून गेला. रस्ता वैशाखात दुसऱ्या गावाला झाला. मी पाहून आलो. चांगला झाला आहे.

आषाढात अकोल्याहून पत्र आलं की नवं मॉडेल आणखी एक साल लांबलं. पाटलाला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. कसलं काय! त्याला आनंद झाला. "म्हणजे आणखीच नवी!" तो म्हणाला आणि ओट्यावर तिसरं चोपडं आलं.

श्रावण लागला. पांदण नेहमीसारखी पोटरीपर्यंत भरली. त्या दिवशी सकाळी वांगी तोडून झाली होती, शालूबाई चुंबळ डोक्यावर ठेवत होती, आणि मी दारात उभा राहून पाटलाला शिव्या देत होतो. त्याच्या मोटारीला, त्याच्या बत्तीला, त्याच्या देवाला. बराच वेळ दिल्या. रोजच देत होतो. मग मला राहवलं नाही आणि मी तिला करंजीचं सांगून टाकलं.

मला वाटलं ती हसेल, नाही तर कपाळावर हात मारील.

ती म्हणाली, "मले तवाच समजलं होतं. तुमच्या तोंडाले वेलदोड्याचा वास येत होता. आपल्या घरात कुठं आहे वेलदोडा?"

"मंग बोलली काऊन नाही?"

"काय बोलू? तुमी माह्यासाठी केलं म्हणून चूप राह्यली." तिने टोपल्याकडे हात नेला आणि थांबली. "एक इचारू? दीड महिना तुमी त्या ओट्यावर बसले. पाटलाले मोटारी शिकवल्या. देवाची करंजी खाल्ली. माह्या पायासाठी एवढं केलं."

"हो. तुह्याच पायासाठी."

"मंग हे टोपलं तुमी एकडाव तरी आपल्या डोक्यावर काऊन नाही घेतलं?"

माझ्याजवळ उत्तर होतं. भाजीचं टोपलं आमच्याकडे बायाच नेतात, गडीमाणसाने डोक्यावर घेतलं तर ओट्यावरची माणसं वर्षभर हसतात. ते उत्तर जिभेवर आलं आणि मला त्याची शिसारी आली. गोल बत्ती, बदामी बत्ती, राखेची वाटी, आणि हे उत्तर, एकाच ओट्यावरचं होतं सगळं.

तिने माझी वाट पाहिली नाही. टोपलं स्वतःच उचललं, कमरेला हात दिला आणि लंगडत चिखलात उतरली.

मी मागून गेलो. पाटलाच्या ओट्यासमोर तिला गाठलं, आणि तिथेच सगळ्यांच्या देखत तिच्या डोक्यावरून टोपलं उतरवून माझ्या डोक्यावर घेतलं. ओट्यावर हसण्याचा गदारोळ उठला. सगळ्यात मोठ्याने पाटील हसला. मला काही उलट बोलायचं होतं, पण मान वळवता येईना. टोपलं फार जड होतं.