सकाळची पकड

मित्रांनो, डॉक्टर दंडाला पट्टा गुंडाळतात, रबराचा फुगा दाबून त्यात हवा भरतात आणि काचेच्या नळीत पारा सरसर वर चढतो, हे तुमच्या आजी-आजोबांनी नक्की पाहिले असेल. तुम्ही कदाचित पाहिले नसेल. हल्ली ते काम बॅटरीवर चालणारी, टुकटुक आवाज करणारी यंत्रे करतात. त्यांच्या आधीचा मी. रक्तदाब मोजायचा, पाऱ्याचा, जुना दाबमापक. दवाखान्यात मला सगळे 'बीपीचा डबा' म्हणतात. पूर्वी या नावाचा मला राग यायचा. आता येत नाही. डबा म्हणून का होईना, कोणी हाक मारते, हे काय थोडे झाले?

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. जाड चष्म्याच्या एका बाईंनी माझ्या नळीवर शून्यापासून तीनशेपर्यंत रेघा आखल्या. पहिला दाब त्यांनी स्वतःचाच मोजला. एकशे अठरा निघाला. शेजारच्या यंत्रावरही तेवढाच निघाला, तेव्हा त्या म्हणाल्या, "खरं बोलतोस. जा आता." आणि झाकण लावले. त्या बाई मला पुन्हा कधी दिसल्या नाहीत, पण खरे बोलण्याची सवय मला त्यांनीच लावली. त्यांचे उपकार मी जन्मभर मानीन.

मग मी एका मोठ्या दवाखान्यात आलो. तिथे डॉक्टर तयार होत असत. वॉर्डातला माझा रुबाब काय सांगू! दिवसातून चाळीस-चाळीस खाटांवर माझी वरात निघे. नवे विद्यार्थी चुकीचा आकडा सांगत, तेव्हा प्राध्यापक म्हणत, "डब्याला विचारा, तो चुकत नाही." असे ऐकले की माझा पारा आपोआप दोन रेघा वर चढेल की काय, असे मला वाटे.

पण दिवस सारखे नसतात. टुकटुकणारी यंत्रे आली आणि मी कपाटात गेलो. तिथे एक मोडका स्ट्रेचर होता आणि धूळ होती. पुढे हुकूम निघाला की पाऱ्याची सगळी यंत्रे मोडीत काढा. त्यात हुकूम काढणाऱ्यांची चूक नव्हती. पारा विषारी असतो. माझी नळी फुटली आणि पारा सांडला, तर माणसांना अपाय होईल. यादीत माझे नाव लागले आणि मी मनाची तयारी केली.

त्या यादीतून मला ओढून काढले ते सांधेवाल्या सरांनी. सर सांधेदुखीच्या विभागाचे प्रमुख होते. वेळच्या वेळी माझी तपासणी करायची आणि मला कायम ट्रेमध्ये ठेवायचे, या अटीवर त्यांनी माझ्यासाठी लेखी परवानगी मिळवली. कपाट उघडून त्यांनी माझ्यावरची धूळ फुंकली आणि सिस्टरना म्हणाले, "याला दाब नाही मोजायचा. याला पकड मोजायचीय."

माझा फुगा तेव्हा हवा सोडत होता. सिस्टरनी तोंडाने माझा उद्धार करत करत हातांनी मला नवा फुगा बसवला. अशी माणसे भेटायला भाग्य लागते.

माझे नवे काम असे होते. पट्ट्याची गुंडाळी करायची, त्यात थोडी हवा भरून पारा विसावर आणायचा आणि रुग्णाने ती गुंडाळी मुठीत घट्ट आवळायची. हाताची जेवढी ताकद, तेवढा पारा वर. आमवात नावाच्या आजारात शरीराचे रक्षण करणारी शक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. सांधे सुजतात, सकाळी बोटे आखडतात आणि वेळीच औषध मिळाले नाही तर कायमची वाकडी होतात. अशा माणसाची मूठ पारा शंभरच्या पुढे नेता नेता दमते.

सरांची एक ठाम रीत होती. नोंदवहीत आकड्याच्या शेजारी एक रकाना होता, 'वेळ'. घड्याळात पाहून तो भरायचाच. ओपीडी संपली की विद्यार्थी दिवसभरातले रुग्ण सरांना सांगत, आणि प्रत्येक आकड्यानंतर सरांचा एकच प्रश्न असे, "किती वाजता?" मुले मागून त्यांची नक्कल करत. मीही मनातल्या मनात हसत असे. खोटे कशाला बोलू?

एके वर्षी एक इंटर्न मुलगी दोन आठवड्यांसाठी आमच्याकडे आली. तिचे बाबा सर्जन, दादा सर्जन. घरी जेवतानाही टाक्यांच्या गप्पा. तिलाही सर्जनच व्हायचे होते. हातात दोरा आला की ती खुर्चीच्या दांड्याला, पिशवीच्या बंदाला, एवढेच काय, माझ्या रबरी नळीलाही शस्त्रक्रियेच्या गाठी मारून बघे. म्हणून सगळे तिला 'टाकेवाली' म्हणत. एकदा तिने मला अकरा गाठी मारल्या. सोडवताना सिस्टर म्हणाल्या, "अगं, तो पेशंट नाही गं!" मुलगी हुशार होती, हाताची चलाख होती, पण आमच्या विभागात तिचे मन नव्हते. इथे ना चिरायचे, ना शिवायचे. नुसते विचारायचे, दाबायचे आणि वाट पाहायची.

तिच्यासमोर एक न्हावी आला. वय सत्तेचाळीस, नीट भांग, स्वच्छ सदरा. चार महिन्यांपासून हात दुखत होते. तो म्हणाला, "सकाळी वस्तरा हातात ठरतच नाही, बाई. परवा एका गिऱ्हाइकाचा गाल कापला. पंचवीस वर्षांत असं झालं नव्हतं. दुपारपर्यंत बरं होतं, पण सकाळी..."

बाहेर रांग लागली होती. टाकेवालीने त्याची बोटे पाहिली. तेव्हा फारशी सूज नव्हती. मला त्याच्या हातात दिले. त्याने आवळले आणि पारा दोनशे चाळीसवर गेला. त्याने सोबत आणलेला रक्ताचा अहवालही साफ होता. तिने लिहिले, 'पकड उत्तम. पुन्हा येण्याची गरज नाही.'

"सगळं नॉर्मल आहे. काम जरा कमी करा," ती म्हणाली.

न्हाव्याने आपल्या हातांकडे पाहिले. "म्हणजे वयच झालं म्हणायचं. मग पुतण्याला सांगतो, सोमवारपासून खुर्चीमागे तू उभा राहा." त्याने तिचे आभार मानले आणि तो गेला.

मित्रांनो, मी खरा आकडा सांगितला होता. पण नोंदवहीतला 'वेळ' हा रकाना कोरा होता, आणि मला बोलता येत नाही.

ओपीडी संपल्यावर तिने सरांना हा रुग्ण सांगितला. सरांनी विचारले, "किती वाजता?"

मागे कोणीतरी खुदकन हसले. टाकेवालीने नोंदवहीतल्या कोऱ्या रकान्याकडे पाहिले. मग हळूच म्हणाली, "साडेबारा असतील, सर."

"आणि त्याचे हात दुखतात केव्हा?"

तिचा चेहरा पडला. सर ओरडले नाहीत. ते म्हणाले, "या आजारात रक्ताचा अहवाल पुष्कळदा साफ येतो. दुपारी बोटंही मोकळी होतात. तू त्याला गाठलंस ते नेमकं तो बरा असताना. आता चार महिन्यांतच आजार गाठला, तर हात वाचतील. वर्ष-दोन वर्षांनी आला, तर तुझ्या बाबांकडे पाठवायला लागेल."

"सर, तो आता येणारच नाही. मीच लिहून दिलंय." तिच्या डोळ्यांत पाणी आले. मग तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे बोट दाखवले. "उद्या सकाळी मी हा डबा घेऊन त्याच्या दुकानात जाऊ? केसपेपरवर पत्ता आहे."

सर 'हो' म्हणाले. सिस्टरनी मात्र तिला तासभर धडे दिले. आधी मला तिरपे करून सगळा पारा टाकीत उतरवायचा, मग खिटी बंद करायची, मगच उचलायचे. "पारा सांडलास तर या विभागात पाय ठेवू नकोस," असे म्हणत त्यांनीच मला टॉवेलात गुंडाळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही दुकानापाशी पोहोचलो. न्हावी शटर उघडत होता, पण बोटांनी नव्हे. शटरच्या कडेखाली दोन्ही मनगटे घालून तो ते खांद्याच्या जोरावर वर ढकलत होता. टाकेवाली तिथेच थबकली. शटर वर जाताच एक पेन्शनर काका आत येऊन बसले, दाढी चांगली वाढलेली. ते वीस वर्षे रोज सकाळी सातला दाढी करून घेत. आता न्हाव्याचा हात मोकळा होईपर्यंत, म्हणजे दुपारपर्यंत, वर्तमानपत्र वाचत बसत. "दाढी वाढली तर वाढू दे," ते म्हणाले, "पण दुसऱ्याच्या हाताखाली मान द्यायची नाही मला."

आरशासमोर, पावडरच्या डब्याशेजारी, ट्रेमध्ये मला ठेवले. न्हाव्याने माझी गुंडाळी मुठीत घेतली. बोटे फुगलेली होती आणि नीट मिटतही नव्हती. ओठ दाबून त्याने जोर लावला. पारा सत्तरवर अडकला. पुन्हा एकदा, अडुसष्ट. डावा हात, साठ. टाकेवालीने त्याची बोटे मुळाशी हलकेच दाबली, तेव्हा त्याने श्वास रोखला. तिने घड्याळ पाहिले आणि मोठ्या अक्षरात लिहिले, 'सात वाजून दहा मिनिटे.'

मग ती बाकावर बसून राहिली. नऊ वाजता शंभर. साडेदहाला एकशे साठ. बारा वाजता पारा दोनशे तीसवर गेला, तेव्हा काका वर्तमानपत्र टाकून उठून उभे राहिले. "अरे, हा तर तुझा चोर सापडला की! सकाळी येतो नि दुपारी पळतो!"

टाकेवाली न्हाव्याला म्हणाली, "काल माझं चुकलं. तुम्ही सांगत होतात, आणि मी ऐकलं नाही. तुमचं वय झालेलं नाही. हा आजार आहे आणि त्याला औषध आहे."

न्हाव्याने माझी गुंडाळी हळूच ट्रेमध्ये ठेवली. मग म्हणाला, "डॉक्टरीणबाई, आमच्याही हातून गाल कापतो. तुरटी लावायची आणि पुढचा हात नीट फिरवायचा." आणि त्याने पुतण्याला फोन करून सांगितले, सोमवारी येऊ नकोस.

सरांनी त्याला सकाळीच बोलावून तपासले. सोनोग्राफीत सांध्यांच्या आतली सूज स्पष्ट दिसली. आमवातच होता. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सुरू झाली, ठरावीक दिवसांनी रक्त तपासणे सुरू झाले. दर वेळी साडेसातला तो माझ्यासमोर हजर असे आणि टाकेवालीही असे, तिची पाळी कधीच दुसऱ्या विभागात लागली असली तरी. नव्वद, एकशे दहा, एकशे चाळीस. लहान बाळाचे वजन वाढावे तसे आम्ही सगळे तो आकडा पाहत असू.

याच दिवसांत एकदा ती माझ्या शेजारी बसून फोनवर बोलत होती. तिच्या बाबांचा आवाज मोठा होता, मलाही ऐकू आला. "सर्जरी सोडून सांधे दाबत बसणार तू?"

ती म्हणाली, "बाबा, या माणसाची बोटं वाकडी झाली असती, तर शेवटी तुमच्याकडेच आली असती. मला ती तुमच्याकडे येऊ द्यायची नाहीत."

मग बाबा म्हणाले, "म्हणजे माझीच गिऱ्हाइकं पळवणार तर!" आणि ते हसले. तीही हसली, आणि हसता हसता रडली. त्यानंतर माझ्या नळीला कोणी गाठी मारल्या नाहीत. खरे सांगू, मला थोडे चुकल्यासारखेच झाले.

औषध सुरू होऊन साडेतीन महिने झाले, त्या दिवशीची गोष्ट. सकाळचे साडेसात. न्हाव्याने मूठ आवळली आणि पारा एकशे नव्वदवर जाऊन उभा राहिला. सिस्टरनी टाळी वाजवली. सरांच्या गालांवर त्या दिवशी पांढरे खुंट दिसत होते. सिस्टर दोन दिवस त्यावरून टोमणे मारत होत्या.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि ते रुग्णाच्या खुर्चीत बसले. "वस्तरा आणलात ना? फोनवर सांगितलं होतं. दाढी दोन दिवस राखून ठेवलीय."

"सर, इथे? ओपीडीत?" सिस्टर ओरडल्या. पण गरम पाणी त्यांनीच आणून दिले.

न्हाव्याने फेस लावला. नवे पाते घातले. सरांनी मान मागे टाकली आणि डोळे मिटले. वस्तरा गालावरून उतरला, हनुवटीखाली वळला आणि गळ्यावरून वर आला. खोलीत कोणी श्वास घेत नव्हते. टाकेवाली त्याच्या बोटांकडे एकटक पाहत होती. दाढी झाली. रक्ताचा एक थेंब नाही. सरांनी गालावरून हात फिरवला आणि तिच्याकडे पाहिले. तिने न सांगता नोंदवही उघडली आणि वेळ लिहिली. न्हाव्याने वस्तरा पुसून मिटला आणि बरोबर आणलेला तुरटीचा खडा तसाच कोरडा खिशात टाकला.

मित्रांनो, मला घडवणाऱ्या बाई, मला वाचवणारे सर, मला शिव्या देत जपणाऱ्या सिस्टर आणि चुकल्यावर परत जाणारी ती मुलगी, या सगळ्यांचा मी ऋणी आहे. माझी एकच विनंती आहे. तुमच्या घरात आई, काका, आजी, कोणी सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरत असेल, सदऱ्याचे बटण लावायला तुम्हाला बोलावत असेल, तर बटण जरूर लावा. पण लावता लावता विचारा, "हे रोज होतं का? किती वेळ राहतं?" आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मधे बोलू नका. मग त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा, दुपारी नव्हे, सकाळी.