खांबाला चाळीस फेरे

अंधेरीच्या त्या प्रयोगशाळेत हेलियमचा शेवटचा डबा निम्मा संपला, तरी तरुण संशोधक उत्तरा हिचा आलेख आपला सरळसोट! सत्याऐंशी साल, तीन वर्षांची मेहनत, आणि उद्या संध्याकाळी यंत्र दुसऱ्या गटाकडे जाणार. तोवर आलेखात लाटा दिसल्या नाहीत तर पीएचडीची वाटच लागली.

यंत्राच्या तळाशी सोन्याची कडी होती, केसाच्या जाडीत शंभर मावतील एवढी. "काका, इलेक्ट्रॉन हिच्या दोन्ही बाजूंनी एकदम जातो आणि पलीकडे स्वतःलाच भेटतो," तिने मदतनीस दशरथकाकांना सांगितलं. "चुंबकाचा जोर वाढवत नेला की ती भेट कधी जुळते, कधी फिसकटते. म्हणून लाटा. पण जरा ऊब लागली की बिचारा धक्के खातो आणि ताल विसरतो."

"मगे ऊब असतली."

"थर्मामीटर बघा ना! शून्याखाली दोनशे बहात्तर!"

संपाआधी वीस वर्षं गिरणीत बॉबिनवर सूत गुंडाळलेले काका वाकून यंत्राचा नकाशा बघत राहिले. "थर्मामीटर ह्या तांब्याच्या खांबाक चिकटवलास. कडीक कोणी इचारल्यान? वायरी वरसून थेट कडीवर इल्यात. वरची ऊब पण थेटच येतली ना, बाय?"

उत्तरा चपापली. त्या वायरी तिनेच लावल्या होत्या, आखूड आणि सरळ, आणि वर त्या नीटनेटकेपणाचा तोरा!

सकाळी यंत्र उघडलं. काकांनी केसासारख्या वायरी आधी खांबाभोवती गुंडाळल्या. चाळीस फेरे, एकाला एक लागून, एकही दुसऱ्यावर चढला नाही. मग वरून वार्निश, म्हणजे वरची ऊब गार खांबातच जिरेल. काय हात होता तो! उत्तराला आपल्या पदव्यांची लाज वाटली आणि काकांचा अभिमानही.

चारच्या सुमारास कागदावर आलेख काढणारं पेन हललं. वर, खाली, पुन्हा वर.

"आल्या! काका, आल्या!"

खात्रीसाठी तिने हीटर किंचित लावला. लाटा बसत गेल्या, सपाट झाल्या. हीटर बंद केला, कडी गारठली आणि लाटा परतल्या. उत्तराला रडूच फुटलं.

काका मात्र आपल्या बोटांकडे बघत होते. "गिरण बंद पडली तेव्हा वाटलेला, हे हात आता कशाक?"

तिने आलेखाखाली लिहिलं: वायरी, दशरथ परब.

"ह्या कागदाचो एक तुकडो मिळात?" काकांनी संकोचत विचारलं. "घरी बायकोक, जानकीक दाखवतंय. तिका वाटता, मी हंय लादी पुसतंय."