डाव्या पायाचा अंगठा

रंगमंचाच्या पुढच्या कडेला एक खड्डा असतो. त्यावर लाकडी टोपी. प्रेक्षकांना टोपी दिसते, आत बसून नटांना विसरलेले शब्द देणारी बाई दिसत नाही. बाईला मात्र पाय दिसतात, सगळ्यांचे.

*

राजवाड्याचा रंगवलेला पडदा मालकांनी खाली उतरवला, उलटा केला आणि मागच्या बाजूला सिनेमासाठी चुना फासून पुन्हा टांगला. कमानी, खांब, कारंजं, सगळं भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं.

*

एकदा संहितेची पानं खळीने चिकटली होती. त्यामुळे भर दुसऱ्या अंकात राणीला शेवटच्या अंकातलं वाक्य गेलं. राणी "दार उघडा" म्हणाली आणि चालती झाली. राजा हवेला मिठी मारून उभा. लोक हसून हसून लोळले.

*

माणूस परगावी तापाने गेला की त्याची पेटी परत येते. कपडे, फणी, रंगाची डबी.

*

राणी थांबून वर बघत असेल तर तो अभिनय. थांबून डाव्या पायाचा अंगठा फळीवर दाबत असेल तर तिला पुढचं आठवत नाही.

*

अंगठ्याची ही खूण फक्त दोघींची होती. अंगठा ताईचा. ती राणी व्हायची. खड्ड्यातली तिची धाकटी बहीण. तिला मंडळीत सगळे कुजबुज म्हणत. वर्षानुवर्षं पुटपुटून तिचा गळा असा झाला होता, की घरीसुद्धा ती मीठ मागायची ते कुजबुजत.

सिनेमा आला तेव्हा ती पोट धरून हसली होती. मुकी माणसं बघायला कोण पैसे मोडणार? लोकांनी मोडले. नाटकाला पहिल्या रांगेत डास तेवढे उरले. राजा विम्याच्या कचेरीत चिकटला, विदूषकाने केशकर्तनाचं दुकान टाकलं, आणि ताईला सिनेमा कंपनीचं बोलावणं आलं.

"तिथे बोलायचं नसतं म्हणे," पेटी आवळताना ताई म्हणाली. "म्हणजे विसरायची भीतीच नाही. तुझी कटकट संपली, धाकटे."

"माझी कटकट? अंगठा कोण दाबायचं?"

"गप गं. भांडी घास जा."

हसत हसतच ताई गेली. पुढे पेटी तेवढी परत आली.

मालकांनी कुजबुजला तिकिटाच्या खिडकीत बसवलं. आणि एक दिवस ताईचा सिनेमा त्यांच्याच नाटकघरात लागला. तेच नाटक, तीच राणी.

पहिल्या दुपारी ती मागच्या दाराशी उभी राहिली. ताई पडद्यावर आली तेव्हा तिने पदर तोंडात धरला. सगळं ठीक चाललं होतं. मग निरोपाचा प्रवेश आला. राणी राजवाडा सोडून अनवाणी निघते आणि पायरीवर थांबून म्हणते, "दिवे विझवू नका." ताई पायरीवर आली, थांबली. डाव्या पायाचा अंगठा पायरीवर दाबला गेला.

कुजबुजच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "दिवे..."

ताईचे ओठ हलले. चित्र पुढे सरकलं.

योगायोग, असं तिने स्वतःला बजावलं. दुसऱ्या दिवशी त्याच जागी तिने दात घट्ट मिटले. ताई थांबली ती थांबलीच. आधी लोकांना अभिनय वाटला, मग शिट्ट्या सुरू झाल्या. मशीनवाला खोलीतून डोकावला.

"झोपलास की काय रे?" मालक खालून ओरडले.

"मशीन चालू आहे, मालक! रीळ फिरतंय! चित्र उभं आहे, मी काय करू?"

ताईच्या कपाळावर घाम चमकत होता. अंगठा पांढरा पडला होता. खालून कुणी म्हणालं, "अगं बाई, हल की!" आणि सगळे हसले. कुजबुजला ते सहन होईना. तिने शब्द दिला.

तेव्हापासून त्या प्रवेशाला खिडकी बंद करून ती धावत आत यायची. शब्द द्यायची. शब्द मिळाला की ताई पुढे जायची: राजाची मिठी, तळघर, विष. रोज.

"शुक्रवारी रिळांची पेटी पुढच्या गावाला जाणार," एकदा मालक म्हणाले.

"मग तिथून?"

"तिथून त्याच्या पुढच्या."

"मला पाठवा बरोबर."

"तुला? कशाला?"

"शब्द द्यायला."

"डोकं फिरलंय का तुझं? मुकं चित्र आहे ते!"

तिला दुसरं काही दिसेना. अनोळखी गाव, अनोळखी शिट्ट्या, आणि ताई पायरीवर उभी. शब्दावाचून. कायमची.

शेवटच्या दुपारी तिने खड्ड्यातले झाडू आणि बादल्या बाहेर काढल्या आणि टोपीखाली जाऊन बसली. हातात जुनी संहिता. समोर ताईचे पाय, कधी नव्हे एवढे मोठे. ते पायरीवर आले. अंगठा दाबला गेला.

"दिवे" तिच्या जिभेवर होतं. पण त्या शब्दामागे तळघर होतं आणि विष होतं. तिला ती चिकटलेली पानं आठवली. त्या रात्री ताई म्हणाली होती, "खड्ड्यातून जे येईल ते मी बोलणार. चूक असलं तरी. त्याशिवाय उभी कशी राहू तिथे?"

"दार उघडा," कुजबुज म्हणाली.

ताईने खाली बघितलं. टोपीच्या आत, थेट. ओठ हलले. मग ती वळली आणि चित्राच्या कडेबाहेर निघून गेली. राजाने हवेला मिठी मारली. लोक हसून हसून लोळले. शेवटच्या रिळात राजा रिकाम्या पलंगाला विष पाजत होता.

मालक मशीनवाल्यावर तोंड सोडत राहिले, प्रेक्षक हसत घरी गेले, दारं उघडी पडली, उन्हं आत आली. कुजबुज खड्ड्यातच होती.

पडद्यामागे, जिकडे राजवाडा तोंड फिरवून उभा होता तिकडून, फळी करकरली. मग दुसरी. अनवाणी पावलं. ती टोपीशी येऊन थांबली. डाव्या पायाचा अंगठा फळीवर दाबला गेला.

कुजबुजने पान उलटलं. पुढचं पान कोरं होतं. त्याच्या पुढे पुठ्ठा.

अंगठा दाबलेलाच होता.

तिने संहिता मिटली. आयुष्यात तिने या खड्ड्यातून स्वतःचं एकही वाक्य म्हटलं नव्हतं. घसा खाकरला, आणि मोकळ्या, मोठ्या आवाजात, जो तिचा तिलाच ओळखू आला नाही, म्हणाली, "ताई, घरी चल."

अंगठा उचलला गेला.

ताई तापाने गेली तेव्हा त्या सिनेमातला निरोपाचा प्रवेश चित्रित व्हायचा राहिला होता.